नवा माणूस आणि जुनें मौन

प्रत्येक राज्यक्रांति नव्या माणसाचें आश्वासन देत असते. जुना समाज मोडला, जमीनदार आणि भांडवलदार गेले, कीं माणूस भयमुक्त होईल, माणसाकडून होणारी माणसाची पिळवणूक थांबेल, आणि त्या समाजांत जन्मलेलें मूल कोणापुढेंहि मान खालीं घालणार नाहीं, असें तें आश्वासन. विसाव्या शतकांत साम्यवादी पक्षांनीं हें आश्वासन सर्वांत मोठ्या आवाजांत दिलें. त्याची कसोटी अनेक ठिकाणीं लागली. त्यांपैकीं एका ठिकाणाची चर्चा फारशी होत नाहीं. पुरुषानें पुरुषावर किंवा स्त्रीनें स्त्रीवर प्रेम केलें, तर अशा व्यक्तीला या नव्या समाजांत जागा होती काय? कायद्यानें दिलेली मोकळीक आणि शाळेनें, कचेरीनें, जन्मदात्या आईनें केलेला स्वीकार या दोन गोष्टी एकच, कीं निरनिराळ्या?

या प्रश्नाचा शोध घेणारे तीन चित्रपट आहेत. एक हंगेरींतला, १९८२ सालचा. दुसरा पूर्व जर्मनींतला, १९८९ सालचा. आणि तिसरा क्यूबांतला, १९९३ सालचा. तिन्ही चित्रपट साम्यवादी राजवट चालू असतांना, सरकारी चित्रसंस्थांच्या आश्रयानें तयार झाले. परक्या देशांत बसून केलेली ती टीका नव्हे. घरांतल्याच माणसानें घरधन्यापुढें मांडलेली ती कैफियत आहे. म्हणून त्यांची साक्ष विशेष मोलाची आहे.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं थोडा मागचा इतिहास पाहणें अवश्य आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियांत झारचे कायदे रद्द झाले, आणि १९२२ सालच्या नव्या दंडसंहितेंत प्रौढ पुरुषांच्या परस्परसंबंधांना गुन्हा म्हणून स्थान उरलें नाहीं. जर्मनींत त्या वेळीं १८७१ पासून चालत आलेलें १७५ वें कलम अंमलांत होतें. तें रद्द व्हावें म्हणून बर्लिनचे डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड जन्मभर झगडले. १९१९ सालीं त्यांच्या सहकार्यानें दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड यांनीं ‘इतरांहून निराळे’ अशा अर्थाच्या नांवाचा एक मूकपट काढला. कोनराड फाइट या नामवंत नटानें त्यांत एका खंडणीखोराच्या जाचानें जीव देणाऱ्या व्हायोलिनवादकाची भूमिका केली. १९२९ सालीं जर्मन संसदेच्या समितीनें तें कलम काढून टाकण्याच्या बाजूनें कौल दिला, तेव्हां समाजवादी मतांबरोबर साम्यवादी मतेंहि त्या बाजूस पडलीं होतीं. परंतु कौलाचा कायदा होण्यापूर्वींच नाझी सत्तेवर आले. मे १९३३ मध्यें हिर्शफेल्ड यांच्या संस्थेचें ग्रंथालय लुटून त्यांतले ग्रंथ भर चौकांत जाळण्यांत आले, आणि १९३५ सालीं १७५ वें कलम पूर्वीहून कडक झालें.

याच सुमारास मॉस्कोचेंहि धोरण फिरलें. १९३४ सालीं सोव्हिएत कायद्यांत पुरुषांमधील संबंधांना पांच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा आली. हॅरी व्हाइट हा मॉस्कोंत राहणारा ब्रिटिश साम्यवादी पत्रकार. समलिंगी माणूस पक्षाचा सभासद राहण्यास लायक आहे कीं नाहीं, असा सरळ प्रश्न त्यानें खुद्द स्टॅलिनला लांबलचक पत्र लिहून विचारला. त्या पत्रावर शिवीवजा शेरा मारून स्टॅलिननें तें दफ्तरदाखल केलें. मक्सिम गॉर्की यांनीं त्याच वर्षीं लेख लिहून या प्रेमाचें नातें फॅसिस्टांशीं जोडलें. नाझी या लोकांना छळछावण्यांत धाडीत होते, आणि मॉस्को त्यांनाच नाझींचे सोबती ठरवीत होतें!

हा विषय उच्चारण्याची चोरी त्या वेळीं केवळ युरोपांतच होती असें नाहीं. त्याच १९३४ सालीं मुंबईंत प्रा. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयींच्या शंकांनाहि, त्यांनीं शास्त्रीय उत्तरें दिलीं, एवढाच त्यांचा अपराध. कर्वे यांची बाजू न्यायालयांत मांडली ती बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं. खटला ते हरले आणि कर्वे यांना दंड झाला. शिक्षा झाली ती कृत्याला नव्हे, उच्चाराला. पुढील विवेचनांत हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपांत साम्यवादी सरकारें आलीं. त्यांचे या बाबतींतले कायदे सारखे नव्हते. पोलंडांत १९३२ पासूनच हा गुन्हा नव्हता. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनीं १९६१ सालीं तो आपल्या दंडसंहितेंतून वगळला. पूर्व जर्मनींत १९५७ नंतर खटले जवळजवळ थांबले, आणि १९६८ च्या नव्या दंडसंहितेंत १७५ वें कलम राहिलें नाहीं. उलट पश्चिम जर्मनींत नाझींनीं कडक केलेलें तेंच कलम १९६९ पर्यंत जसेंच्या तसें चालू होतें. म्हणजे कायद्याच्या पुस्तकापुरतें पाहिलें तर पूर्वेकडील कांहीं सरकारें पश्चिमेच्या पुढेंच होतीं.

पण पुस्तकाबाहेर काय होतें? मंडळ स्थापन करण्यास मुभा नव्हती, कारण सरकारबाह्य मंडळ कोणतेंच चालत नसे. वर्तमानपत्रांत या विषयास जागा नव्हती. शिक्षा नाहीं, पण उच्चारहि नाहीं, अशी ही व्यवस्था होती. आणि जेथें गुन्हा नव्हता तेथें नोंदवही होती. पोलंडांत १९८५ पासून १९८७ पर्यंत पोलिसांनीं ‘हायसिंथ’ या फुलाच्या नांवाची एक मोहीम चालविली. कोणताहि कायदा मोडलेला नसतांना हजारों पुरुषांना चौकशीस नेऊन त्यांच्या नांवांचीं दफ्तरें तयार केलीं. २०२१ सालीं पिओत्र दोमालेव्हस्की यांनीं या मोहिमेवर एक चित्रपट काढला आहे. त्यांतला नायक हा स्वतः पोलिस अधिकारी आहे, आणि तपास करतां करतां तो स्वतःच्याच अंतरंगाशीं येऊन ठेपतो.

सोव्हिएत संघांत तर असा चित्रपट निघणेंच शक्य नव्हतें; तेथें दिग्दर्शकच तुरुंगांत गेला. सेर्गेई पाराजानोव्ह हे तिफ्लिसमध्यें जन्मलेले आर्मेनियन कलावंत. ‘डाळिंबाचा रंग’ हा त्यांचा चित्रपट जगभर वाखाणला जातो. १९७३ च्या डिसेंबरांत त्यांना अटक झाली आणि पुढील वर्षीं पांच वर्षांची शिक्षा झाली. आरोपांत समलिंगी संबंधाचा आरोप होता. फ्रेंच कवि लुई आरागों यांच्यासारख्या साम्यवादी साहित्यिकांनींच रदबदली केल्यावर १९७७ सालीं त्यांची सुटका झाली. सोव्हिएत कायद्यांतलें हें कलम रशियांतून गेलें तें १९९३ सालीं, म्हणजे सोव्हिएत संघच नाहींसा झाल्यावर.

आतां पहिला चित्रपट. हंगेरीचे दिग्दर्शक कारोय माक यांच्या १९८२ सालच्या चित्रपटाच्या नांवाचा अर्थ ‘एकमेकांकडे पाहतांना’ असा होतो. एर्झेबेत गाल्गोत्सी या लेखिकेच्या कादंबरिकेवर तो आधारलेला आहे. मूळ कादंबरिकेचें नांव मात्र ‘कायद्याच्या आंत’ असें आहे, आणि त्या नांवांत सारा उपरोध सांठविलेला आहे. कथेचा काळ १९५८ चा. १९५६ चा उठाव रणगाड्यांखालीं चिरडला गेला आहे. उठावाच्या वेळचे पंतप्रधान इम्रे नाज यांना याच वर्षींच्या जूनमध्यें फांशी झाली. अशा वातावरणांत एवा नांवाची तरुणी बुदापेस्तमधील एका वर्तमानपत्राच्या कचेरींत नोकरीस लागते. समोरच्या टेबलावर लिविया ही सहकारी बसते. ती एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी आहे. दोघींमध्यें जें उमलतें तें एवाला नवें नाहीं. लिवियाला तें नवें आहे आणि भयंकरहि वाटतें.

माक यांचें कौशल्य असें कीं त्यांनीं एवाच्या प्रेमाची कथा आणि तिच्या पत्रकारितेची कथा वेगळी ठेवलेली नाहीं. एवा खेड्यांत जाऊन सामुदायिक शेतीची हकीकत लिहून आणते. शेतकऱ्यांना मारहाण करून, दहशत घालून सहकारी संस्थेंत ओढलें गेलें, हें ती जसें पाहिलें तसें लिहिते. संपादक मनाचा चांगला आहे. एवाचें म्हणणें खरें आहे हें तो जाणतो. पण तें छापणें त्याला शक्य नाहीं. इकडे बागेतल्या बांकावर बसलेल्या या दोघींना रात्रीं पोलिस हटकतात. एकच मुलगी दोन ठिकाणीं एकच अपराध करीत आहे: जें आहे तें आहे म्हणून सांगण्याचा. वृत्तांतांत खोटें लिहिणें तिला जमत नाहीं, तसेंच लिवियाकडे पाहतांना नजर दुसरीकडे वळविणेंहि जमत नाहीं. शेवटीं लिवियाचा नवरा तिच्यावर गोळी झाडतो आणि ती अंथरुणास खिळते. एवा देशाच्या सीमेवर पहारेकऱ्यांच्या गोळीला बळी पडते. हा शेवट चित्रपटाच्या आरंभींच दाखविला आहे. त्यामुळें प्रेक्षकाला ‘पुढें काय’ ही उत्सुकता उरत नाहीं, ‘असें कां’ एवढाच प्रश्न उरतो.

या दोन्ही भूमिका पोलिश नटींनीं केल्या. एवाची भूमिका करणाऱ्या याद्विगा यांकोव्स्का-चेश्लाक यांना १९८२ च्या कान महोत्सवांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. १९५८ च्या हंगेरीवर १९८२ च्या हंगेरीनें असा चित्रपट काढूं दिला, याचें श्रेय त्या काळच्या सैल झालेल्या लगामाला दिलें पाहिजे. पण त्या लगामालाहि मर्यादा होती: घटना चोवीस वर्षांपूर्वींची होती, आणि नायिकेला मरण आलें होतें. मेलेल्या माणसाविषयीं सहानुभूति दाखविणें कोणत्याहि सरकारला सोपें जातें.

पूर्व जर्मनींतल्या चित्रपटाचें वैशिष्ट्य हेंच कीं त्याचा काळ चालू काळ होता, आणि त्याचा नायक शेवटीं जिवंत राहतो. या चित्रपटाचें नांव ‘कमिंग आउट’. जर्मन चित्रपटाला इंग्रजी नांव कां द्यावें लागलें, याचा विचार केला तर असें दिसतें कीं आपल्या प्रेमाची उघड कबुली देण्याला जर्मन भाषेंत तितका सुटसुटीत शब्द रूढ झालेला नव्हता. दिग्दर्शक हायनर कारो हे १९२९ सालीं रोस्टोक येथें जन्मलेले. १९७३ सालचा ‘पॉल आणि पॉला यांची दंतकथा’ हा त्यांचा चित्रपट पूर्व जर्मनींत अतिशय लोकप्रिय झाला होता. आणि युद्धाच्या अखेरीवरचा १९६८ सालचा त्यांचा दुसरा एक चित्रपट सरकारनें १९८७ पर्यंत अडकवून ठेवला होता. म्हणजे सरकारची मर्जी आणि खप्पामर्जी दोन्ही त्यांनीं चाखलेल्या होत्या.

चित्रपटाची पूर्वतयारी समाजांत आधींच चालू झाली होती. १९८२ पासून लायप्झिग व इतर शहरांत प्रॉटेस्टंट चर्चच्या छायेखालीं समलिंगी स्त्रीपुरुषांचीं मंडळें जमूं लागलीं. निरीश्वरवादी राज्यांत या लोकांना पहिला निवारा चर्चनें द्यावा, हा योग मोठा चमत्कारिक होता. गुप्त पोलिस या मंडळांवर पाळत ठेवीत. पण पाळत ठेवतां ठेवतां सरकारचेंहि मन थोडें पालटलें. १९८७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी प्रवृत्ति ही मानवी लैंगिक जीवनाचाच एक प्रकार आहे, आणि अशीं माणसें समाजाबाहेरचीं नव्हेत, असा निर्णय दिला. १९८८ सालीं द्रेस्देनच्या आरोग्य संग्रहालयासाठीं सरकारी चित्रसंस्थेनें ‘दुसरें प्रेम’ अशा नांवाचा माहितीपट काढला. समलिंगी संबंधांसाठीं निराळी वयोमर्यादा घालणारें एक कलम उरलें होतें, तेंहि १ जुलै १९८९ पासून गेलें.

असें असूनहि ‘कमिंग आउट’ची कथा घडते, हेंच तिचें मर्म आहे. फिलिप क्लारमान हा पूर्व बर्लिनमधील माध्यमिक शाळेंत नुकताच लागलेला शिक्षक. विद्यार्थी त्याच्यावर लुब्ध आहेत. तान्या ही सहशिक्षिका त्याच्यावर प्रेम करते, दोघे एकत्र राहूं लागतात, तिला दिवस जातात. सारें कसें सुरळीत आहे! विवाहाची वाट त्या राज्यांत मोठी राजरस्त्याची होती: १९७२ पासून तरुण जोडप्यांना लग्नाबरोबर ५,००० मार्कांचें बिनव्याजी कर्ज मिळे, आणि मुलें होत जातील तसतसा त्याचा भाग माफ होई. ज्याला ही वाट साधत नसे त्याला कोणी तुरुंगांत टाकीत नव्हतें; त्याच्यासाठीं दुसरी वाट आंखलेलीच नव्हती, इतकेंच. अशा वेळीं फिलिपला मथियास नांवाचा तरुण भेटतो, आणि स्वतःपासून लपविलेली गोष्ट त्याला आठवूं लागते. तो तान्याशीं खोटें बोलतो, मथियासशींहि खोटें बोलतो. एका संगीताच्या कार्यक्रमांत तिघांची गांठ पडते, आणि फिलिप तान्याची ओळख ‘माझी पत्नी’ म्हणून करून देतो. त्या दोन शब्दांनीं दोन माणसांचें आयुष्य एकदमच विसकटतें.

चित्रपटाचें पहिलें दृश्य वर्षअखेरच्या रात्रीचें आहे. बाहेर आतषबाजी चालली आहे आणि जीव देऊं पाहणाऱ्या मथियासला रुग्णालयांत आणलें आहे. त्याला कोणी पोलिसांनीं छळलेलें नाहीं, न्यायालयानें दंड केलेला नाहीं. तो रडत रडत कारण सांगतो तें एवढेंच, कीं आपण असे आहों. कायदा सुधारल्यानंतर उरलेलें दुःख कसलें असतें, हें या दृश्यांत कळतें.

पण चित्रपटाचा खरा गाभा एका वृद्धाच्या बोलण्यांत आहे. समलिंगी लोकांच्या मद्यगृहांत फिलिप बेभान होऊन ओरडूं लागतो, तेव्हां वाल्टर नांवाचा म्हातारा त्याला आपली हकीकत सांगतो. ही भूमिका वेर्नर डिसेल यांनीं केली आहे. नाझींच्या काळांत वाल्टरचें एका पुरुषावर प्रेम होतें. त्यापायीं त्याला झाक्सेनहाउझेनच्या छळछावणींत टाकलें आणि अंगरख्यावर गुलाबी त्रिकोण शिवला. तेथें त्याला वांचविलें तें लाल त्रिकोणवाल्यांनीं, म्हणजे साम्यवादी कैद्यांनीं. युद्ध संपल्यावर तो पक्षांत गेला, जिवापाड राबला. माणसाकडून माणसाची पिळवणूक आम्ही नाहींशी केली, असें तो अभिमानानें सांगतो. बरोबर काम करणारा ज्यू आहे कीं आणखी कोणी आहे, हें आतां कोणी पाहत नाहीं. फक्त समलिंगी तेवढे राहून गेले, त्यांना आम्ही विसरलों, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

हें भाषण ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत येते. वाल्टर राज्याला शिव्या देत नाहीं. क्रांतीचेंच आश्वासन तो क्रांतीपुढें ठेवतो, आणि त्यांतली एक ओळ पुरी करावयाची राहिली एवढेंच सांगतो. शत्रूचा आरोप झटकून टाकतां येतो; आपल्याच जुन्या सोबत्यानें केलेली आठवण तशी झटकतां येत नाहीं. मद्यगृहाचीं दृश्यें पूर्व बर्लिनमधल्या खऱ्या मद्यगृहांत, तेथें नेहमीं येणाऱ्या लोकांसह चित्रित केलेलीं आहेत. त्यामुळें या दृश्यांत नाटकीपणाचा लवलेशहि नाहीं.

शेवटचा प्रसंग शाळेंतला आहे. फिलिपविषयींची कुणकुण वर पोहोंचलेली आहे. मुख्याध्यापिका आणि सहकारी त्याच्या वर्गांत मागील बांकांवर येऊन बसतात. त्याचें शिकविणें तपासावयाचें आहे. फिलिप टेबलावर बसतो आणि कांहींच बोलत नाहीं. मुलें वाट पाहतात. क्षण लोटतात, मिनिटें लोटल्यासारखीं वाटतात. अखेर मुख्याध्यापिका त्याला नांवानें हांक मारते, आणि तो म्हणतो, ‘होय.’ एवढ्या एका शब्दावर तो कबुलीजबाब संपतो. त्याची नोकरी राहिली कीं गेली, हें चित्रपट सांगत नाहीं. ज्याला रोज वर्गांत नव्या माणसाचे धडे द्यावयाचे, त्यानें स्वतःच्या नांवाला ओ दिली, हेंच चित्रपटाला सांगावयाचें होतें.

या चित्रपटाच्या पहिल्या खेळाची तारीख ९ नोव्हेंबर १९८९. पूर्व बर्लिनमधील कार्ल मार्क्स रस्त्यावरील ‘किनो इंटरनॅशनल’ या चित्रपटगृहांत प्रेक्षक बसलेले असतांना शहरांत सीमा खुली झाल्याची वार्ता पसरत होती, आणि त्याच रात्रीं बर्लिनची भिंत उघडली. चाळीस वर्षांत पूर्व जर्मनीच्या सरकारी चित्रसंस्थेनें या विषयावर काढलेला हा पहिला कथापट. आणि तोच अखेरचाहि ठरला. पुढील फेब्रुवारींत बर्लिन महोत्सवांत त्याला रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. पण राज्याला जें सांगावयाचें तें ऐकण्यासाठीं तें राज्यच फार दिवस उरलें नाहीं.

तिसरा चित्रपट अटलांटिकपलीकडच्या क्यूबांतला. येथील इतिहास अधिक कडवट आहे. १९६५ पासून १९६८ पर्यंत लष्कराच्या श्रमछावण्यांत समलिंगी पुरुष, धर्मनिष्ठ लोक आणि सरकारच्या मतें बिघडलेले तरुण यांना सक्तीच्या कामास धाडण्यांत आलें. १९७१ च्या शिक्षण-संस्कृति परिषदेनें समलिंगी व्यक्तींना शिक्षण व कला यांच्या क्षेत्रांतून दूर ठेवण्याचें धोरण जाहीर केलें. तरुणांच्या मनाला आकार देण्याचें काम अशांच्या हातीं नको, हा त्यामागील विचार. १९८४ सालीं नेस्तोर आल्मेंद्रोस आणि ओर्लांदो हिमेनेस लेआल या परदेशांत गेलेल्या क्यूबन कलावंतांनीं या छळावर माहितीपट काढला, तेव्हां क्यूबाचे श्रेष्ठ दिग्दर्शक तोमास गुतिएर्रेस आलेआ यांनीं त्याला एकांगी ठरवून विरोध केला होता. त्याच आलेआ यांनीं नऊ वर्षांनंतर हुआन कार्लोस ताबिओ यांच्यासह ‘फ्रेसा इ चोकोलाते’, म्हणजे ‘स्ट्रॉबेरी आणि चॉकोलेट’, हा चित्रपट काढला.

कथा सेनेल पास यांची. स्थळ हवाना, वर्ष १९७९. दाविद हा खेड्यांतून आलेला, साम्यवादी युवक संघाचा निष्ठावंत विद्यार्थी. हवानाच्या ‘कोपेलिया’ या प्रसिद्ध आइसक्रीमच्या बागेंत दिएगो त्याच्या टेबलाशीं येऊन बसतो. चॉकोलेट मिळत असतांना या पुरुषानें स्ट्रॉबेरी घेतली, एवढ्यावरून दाविद त्याची जात ओळखतो! पुढें वसतिगृहांतला सोबती दाविदला दिएगोवर हेरगिरी करण्यास सांगतो, आणि दाविद कर्तव्यबुद्धीनें त्याच्या घरीं जाऊं लागतो. तेथें त्याला पुस्तकें भेटतात, संगीत भेटतें, हवानाच्या जुन्या वास्तूंचें सौंदर्य भेटतें. दिएगो चौदाव्या वर्षीं क्रांतीच्या साक्षरता मोहिमेंत शिकवावयास गेलेला होता. या देशावर त्याचें दाविदपेक्षां कमी प्रेम नाहीं, किंबहुना देशाची ओळख दाविदपेक्षां त्यालाच अधिक आहे. एका शिल्पकार मित्राचें प्रदर्शन अधिकाऱ्यांनीं अडविलें म्हणून तो निषेधाचें पत्र लिहितो, आणि तें पत्र त्याच्या नोकरीच्या आड येतें. अखेर त्याला देश सोडावा लागतो. निरोपाच्या वेळीं दाविद त्याला मिठी मारतो. सबंध चित्रपटांत या दोघांमधला एवढाच स्पर्श.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला गेला तो रास्त आहे. दाविद आणि शेजारीण नान्सी यांचा शृंगार पडद्यावर दिसतो. दिएगोचें प्रेम मात्र शब्दांतच राहतें. प्रेक्षकाला मोह पडावा तो त्याच्या विद्वत्तेचा, त्याच्या देशप्रेमाचा. जणूं इतका गुणी नसता तर त्याला जागा देण्याचें कारण नव्हतें. स्वीकाराला असा गुणपत्रिकेचा दाखला जोडावा लागणें, हीच त्या स्वीकाराची उणीव आहे. तरीहि हवानांत या चित्रपटास लोटलेली गर्दी, १९९४ च्या बर्लिन महोत्सवांतलें रौप्य अस्वलाचें पारितोषिक आणि ऑस्करसाठीं झालेलें क्यूबाचें पहिलें नामांकन यांमुळें जो विषय कुजबुजीचा होता तो जेवणाच्या टेबलावर आला. २०१० सालीं फिडेल कास्त्रो यांनीं एका मेक्सिकन वर्तमानपत्राच्या मुलाखतींत त्या छळाची जबाबदारी आपली असल्याचें मान्य केलें. आणि २०२२ च्या सप्टेंबरांत जनमत घेऊन क्यूबानें समलिंगी विवाहास मान्यता दिली.

तिन्ही चित्रपट शेजारीं ठेवून पाहिले तर एक साम्य डोळ्यांत भरतें. एवा पत्रकार आहे, फिलिप शिक्षक आहे, दिएगो कलाक्षेत्रांतला कार्यकर्ता आहे. तिघांचाहि व्यवसाय शब्दांचा आहे, आणि तिघांवरहि नवा माणूस घडविण्याची जबाबदारी राज्यानेंच टाकलेली आहे. अशा माणसाला राज्य सांगतें: तूं काय आहेस याची शिक्षा आम्ही देणार नाहीं, फक्त तें बोलूं नकोस. वरवर पाहतां हा सौदा उदार वाटतो. पण ज्याला स्वतःविषयीं मौन पाळावें लागतें तो शेतकऱ्यांविषयीं, शिल्पांविषयीं, विद्यार्थ्यांविषयीं तरी खरें कसें बोलणार? एका ठिकाणीं खोटें बोलण्याची संवय सक्तीनें लावली, कीं ती त्याच ठिकाणीं थांबत नाहीं. म्हणूनच या तीन कथांत प्रेमाचा प्रश्न आणि सत्याचा प्रश्न एकमेकांपासून सुटे करतां येत नाहींत.

राजवट बदलली म्हणजे हें मौन आपोआप सुटतें, असेंहि नाहीं. १९९० सालीं दोन्ही जर्मनी एक झाल्या, तरी १७५ व्या कलमाचा उरलेला भाग जुन्या पश्चिम जर्मनीच्या प्रदेशांत १९९४ पर्यंत लागू राहिला. पूर्वेंत तो नव्हता. युद्धोत्तर काळांत झालेल्या शिक्षा, पूर्वेकडील कलमाखालीं झालेल्या शिक्षांसह, जर्मन संसदेनें रद्द ठरविल्या त्या २०१७ सालीं. तोंवर पुष्कळांचें आयुष्य सरून गेलें होतें. ज्या हंगेरीनें १९८२ सालीं माक यांचा चित्रपट जगापुढें ठेवला, त्याच हंगेरीनें साम्यवाद जाऊन तीस वर्षें झाल्यावर, २०२१ सालीं, अठरा वर्षांखालील मुलांपुढें समलिंगी जीवनाचें चित्रण करण्यावर कायद्यानें बंधन घातलें. रशियांत २०१३ सालीं तशाच प्रकारचा कायदा झाला, आणि २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें या लोकांच्या चळवळीलाच अतिरेकी ठरविलें. या कायद्यांत पुन्हां कृत्यापेक्षां उच्चारावरच रोख आहे, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

भारतांत १८६० च्या दंडसंहितेंतलें ३७७ वें कलम प्रौढांच्या खासगी संबंधांपुरतें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं निष्प्रभ केलें. ज्या घरांत हें व्याख्यान वाचलें जाईल तेथें तो निकाल ठाऊक असेलच. तथापि पूर्व जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९८७ सालचा होता, आणि वर्षअखेरच्या त्या रात्रींचा मथियास त्यानंतरच पडद्यावर आला. त्याला न्यायाधीशानें काय म्हटलें हें त्याला माहीत असावें; त्याला ऐकावयाचें होतें तें निराळ्या माणसांकडून. फिलिपच्या आईला मुलानें खरें सांगितलें तेव्हां तिला निराशा लपवितां आली नाहीं. ती दुष्ट नव्हती. अशा प्रसंगीं काय बोलावें, हें तिला चाळीस वर्षांत कोणीं शिकविलें नव्हतें, आणि तिनेंहि कोणाला विचारलें नव्हतें.